ब्रेकमधील हरवलेला दाब : जुन्या मोटारीच्या एका दोषाची चिकित्सा

प्रास्ताविक

वाराणसी येथील पंचगंगा, ब्रह्मा आणि दुर्गा या घाटांच्या मागील बाजूस मराठी कुटुंबांची वस्ती अनेक पिढ्यांपासून आहे. या भागातील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की, समोरून गाय आली तर माणसाला भिंतीस पाठ लावून उभे राहावे लागते. अशा ठिकाणी मोटार शिरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्याच्याकडे मोटार असेल त्याला ती मैदागिनसारख्या रुंद रस्त्याच्या आसपास, घरापासून दूर ठेवणे भाग पडते. तेथे ती उन्हाळ्यात तापते, पावसाळ्यात भिजते आणि कित्येकदा महिनोन्‌महिने जागची हलत नाही.

अशाच एका मोटारीची आपण कल्पना करू. ती आजोबांच्या काळातील अँबॅसडर आहे. कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथील कारखान्यातून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत या जातीच्या मोटारी बाहेर पडत होत्या, आणि त्यांतील पुष्कळशा आजही जिव्हाळ्याने जपल्या जातात. पावसाळा संपल्यावर घरी पाहुणे येतात, त्यांना स्थानकावर पोहोचविण्यासाठी मोटार बाहेर काढावयाची ठरते. यंत्र सुरू होते; परंतु ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवताच ते काहीही विरोध न करता तळाला टेकते. पुन्हा दाबल्यावर थोडा विरोध जाणवतो, आणि तिसऱ्या वेळी पेडल वर येऊन घट्ट होते. मालक म्हणतो, ‘दोनतीनदा दाबले की लागतो ब्रेक’, आणि मोटार गर्दीत नेतो.

हा निष्कर्ष किती धोक्याचा आहे हे साध्या गणिताने कळते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर तोडते. पेडल दोनतीनदा दाबण्यात एक सेकंद गेला, तर तेवढ्या अवधीत ती ब्रेकवाचून ११ मीटर पुढे गेलेली असते. गोदौलियाच्या चौकात एवढ्या जागेत किती यात्रेकरू, किती सायकलरिक्षा आणि किती मुले असतात, हे ज्याने तो चौक पाहिला आहे त्याला सांगावयास नको. म्हणून पेडलमधील दाब का नाहीसा होतो, आणि तो कोठे गेला हे क्रमाने कसे शोधावे, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोहोचतो

फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) याने द्रवांच्या समतोलाविषयी लिहिलेला निबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दाब दिला असता तो द्रवाच्या सर्व भागांत सारखाच पोहोचतो, हे त्यातील मुख्य तत्त्व होय. इंग्रज कारागीर जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचा हक्क मिळविला. मोटारीच्या ब्रेकला हे तत्त्व लावण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याला दिले जाते. १९२१ च्या सुमारास ड्यूझेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक बसविण्यात आले, आणि पुढील दोन दशकांत ही पद्धत जगभर रूढ झाली.

या रचनेत पेडल ही एक तरफ असते. ती मुख्य सिलिंडरातील दट्ट्या पुढे ढकलते. सिलिंडरावर द्रवाची एक टाकी असते. मुख्य सिलिंडरातून निघालेल्या धातूच्या बारीक नळ्या चाकांकडे जातात. जेथे चाक हलते तेथे रबरी नळीचा तुकडा जोडलेला असतो. प्रत्येक चाकाजवळ लहान सिलिंडर असून, त्यातील दट्ट्ये दोन अर्धचंद्राकृती ब्रेक-शूंना बाहेरच्या बाजूस लोटतात. शूंवरील लायनर फिरत्या ड्रमवर घासतो आणि चाक थांबते. द्रव दट्ट्याच्या कडेने निसटू नये म्हणून दट्ट्यापुढे रबराची वाटी बसविलेली असते. या साऱ्या रचनेत रबराची ही वाटी सर्वांत स्वस्त असते, परंतु सर्वांचा भरवसा तिच्यावरच असतो.

आता काही आकडे घेऊ. पायाचा जोर २० किलोग्रॅम आहे आणि पेडलची तरफ तो पाचपट करते असे मानू. दट्ट्यावर १०० किलोग्रॅम जोर पडेल. दट्ट्याचा व्यास २ सेंटिमीटर असल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे द्रवात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३२ किलोग्रॅम दाब निर्माण होतो. चाकाजवळील दट्ट्याचा व्यास २.५ सेंटिमीटर असेल, तर त्यावर सुमारे १५७ किलोग्रॅम जोर येतो. केवळ २० किलोग्रॅम जोराने भरधाव मोटार थांबते ती अशी.

परंतु या लाभाची किंमत अंतराच्या रूपाने द्यावी लागते. पेडल १० सेंटिमीटर खाली गेले तरी दट्ट्या केवळ २ सेंटिमीटर सरकतो आणि सुमारे ६.३ घन सेंटिमीटर द्रव पुढे ढकलतो. चार चाकांच्या वाट्याला आलेला सर्व द्रव एवढाच! त्यातला थोडासा जरी वाया गेला, तरी पेडल तळाला टेकते आणि दाब निर्माण होत नाही. म्हणून ‘दाब हरवला’ असे आपण म्हणतो तेव्हा खरा प्रश्न हा असतो : या सहा-सव्वासहा घन सेंटिमीटरांचे काय झाले?

द्रव जाण्याच्या चार वाटा

पहिली वाट म्हणजे बाहेर गळणे. गंजलेली नळी, चिरलेली रबरी नळी, किंवा चाकाजवळील सिलिंडरातील झिजलेली वाटी यांतून द्रव बाहेर जातो. अशा वेळी टाकीतील पातळी उतरते.

दुसरी वाट आतल्या आत मागे येण्याची आहे. मुख्य सिलिंडरातील वाटी फाटली किंवा सिलिंडराची आतील भिंत गंजाने खडबडीत झाली, तर दाबलेला द्रव दट्ट्याच्या कडेने परत टाकीकडे येतो. द्रव कमी होत नाही, कोठेही ओल दिसत नाही, आणि तरीही दाब टिकत नाही.

तिसरी वाट वायूची. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्ये मांडलेला नियम शाळेत सर्वांनी वाचलेला असतो : तापमान कायम असता, दाब जितके पट वाढतो तितके पट वायूचे आकारमान घटते. नळ्यांमध्ये ५ घन सेंटिमीटर हवा अडकली आहे असे समजा. दाब वातावरणाच्या सुमारे ३३ पट झाला की ती ०.१५ घन सेंटिमीटर एवढीच उरते. म्हणजे ४.८५ घन सेंटिमीटर द्रव केवळ तिची जागा भरण्यात खर्ची पडला. पेडलच्या हिशेबाने हे अंतर पावणेआठ सेंटिमीटरांच्या जवळपास होते. याउलट पाणी वातावरणाएवढ्या एका दाबाने आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसहजाराव्या हिश्शानेच दबते, आणि ब्रेकमधील द्रवाचे वर्तनही त्याच स्वरूपाचे आहे. ज्या दाबाने लिटरभर द्रव दीड-दोन घन सेंटिमीटरच आकसेल, त्याच दाबाने चमचाभर हवा जवळजवळ नाहीशी होते.

चौथी वाट झिजेची. लायनर झिजले की शू आणि ड्रम यांच्यामधील फट वाढते. ती भरून काढण्यातच सारा द्रव संपतो. पेडल सोडून लगेच पुन्हा दाबल्यास मात्र ते वर येते. याचे कारण असे की, चाकांकडून द्रव परत येण्यापूर्वीच मुख्य दट्ट्या मागे येतो, तेव्हा टाकीतील थोडा द्रव वाटीच्या काठावरून पुढे शिरतो आणि दुसऱ्या वेळी अधिक द्रव चाकांकडे जातो. पंपासारखे पेडल मारल्याने ब्रेक ‘लागतो’ तो यामुळे. तो दोष दुरुस्त झाल्याचा पुरावा नव्हे, दोष असल्याचा पुरावा होय.

एक सोपा प्रयोग

विद्यार्थ्यांना हे वर्गात पाहता येईल. सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या, एक ५ व दुसरी २० मिलिलिटरची, प्लास्टिकच्या बारीक नळीने जोडाव्यात. हवेचा बुडबुडा राहणार नाही अशा रीतीने त्या पाण्याने भराव्यात. लहान पिचकारीचा दट्ट्या दाबताच मोठीचा दट्ट्या थोडा, परंतु मोठ्या जोराने सरकेल. आता नळीत दोन मिलिलिटर हवा शिरू द्यावी आणि मोठ्या पिचकारीचा दट्ट्या बोटाने अडवून धरावा. लहान पिचकारीचा दट्ट्या स्पंजासारखा दबेल व सोडताच मागे येईल. ब्रेकमध्ये हवा असणे म्हणजे काय, हे बोटांना एकदा कळले की विसरत नाही.

लक्षणांवरून निदान

वैद्य नाडी पाहतो त्याप्रमाणे पेडलवरील पाय बरेच काही सांगतो. ही परीक्षा मोटार सपाट जागी, चाकांना विटा लावून, उभी असतानाच करावी.

पेडल खोल जाते पण घट्ट असते, आणि पुन्हा दाबल्यावर वर येते : शू झिजले आहेत किंवा त्यांची फट वाढली आहे.

पेडल मऊ, लवचीक लागते व पंप मारल्यावर काहीसे सुधारते : द्रवात हवा आहे. हवा काढूनही मऊपणा गेला नाही, तर जुनी रबरी नळी दाबाखाली फुगत असण्याचा संभव असतो.

पेडल प्रथम घट्ट लागते, परंतु पाय स्थिर ठेवला असता हळूहळू खाली जाते : गळती आहे. टाकीतील पातळी उतरत असेल तर ती बाहेरची. पातळी कायम असेल तर मुख्य सिलिंडरातील आतली.

पेडल सकाळी उत्तम, परंतु लांब उतारानंतर एकाएकी मऊ होते, आणि मोटार थंड झाल्यावर पूर्ववत होते : द्रव उकळून त्याची वाफ झाली आहे.

पेडल घट्ट आहे, पण मोटार थांबत नाही : हा दाबाचा दोष नव्हे. लायनरवर द्रव किंवा ग्रीस पडले असेल, अथवा पाणी साचलेल्या रस्त्यातून गेल्यामुळे ड्रम ओले झाले असतील.

शोधाचा क्रम

प्रथम टाकी पाहावी. झाकण उघडण्यापूर्वी त्यावरील धूळ पुसावी, कारण मातीचा एक कणही वाटीला ओरखडा पाडू शकतो. मॉरिस मायनरसारख्या काही जुन्या मोटारींत मुख्य सिलिंडर चालकाच्या पायाखालील जमिनीत दडलेला असतो. तेथे पातळी पाहणे कष्टाचे असते, म्हणूनच ती वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. पातळी उतरलेली आढळल्यास केवळ द्रव भरून समाधान मानू नये. बंदिस्त रचनेतून द्रव कमी झाला याचा अर्थ तो कोठे तरी गेला आहे. लायनरच्या झिजेने पातळी थोडी उतरते. पण भराभर उतरत असेल तर गळती निश्चित समजावी.

नंतर चारही चाकांच्या आतील बाजू, नळ्यांचे सांधे, रबरी नळ्या आणि पेडलजवळील सतरंजीखालचा भाग ओला आहे का ते पाहावे. मग ड्रम काढून चाकाच्या सिलिंडरावरील रबरी टोपी हळूच उचलावी. आत द्रव साचला असेल तर वाटी गेली आहे. मोटारीखाली शिरण्यापूर्वी ती केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोडीवर टेकवावी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ड्रममधील धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून काढावी.

बाहेर काहीच सापडले नाही, तर कुशल मिस्त्री एक निर्णायक परीक्षा करतो. मुख्य सिलिंडराच्या तोंडाची नळी काढून तेथे योग्य आट्याचे बूच घट्ट बसवितो, आतील हवा काढतो आणि पेडल दाबतो. पेडल घट्ट राहिले तर मुख्य सिलिंडर निर्दोष आहे व दोष पुढे आहे. तरीही खाली गेले तर दोष मुख्य सिलिंडरातच आहे. एका परीक्षेत संशयाचे क्षेत्र निम्मे होते.

हवा काढणे, आणि त्यानंतरचा धोका

गळती बंद केल्यावर व शूंची फट जुळविल्यावरच हवा काढावी. या कामाला दोन माणसे लागतात. सामान्यतः मुख्य सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. उजव्या बाजूस चालक असलेल्या आपल्याकडील मोटारींत ते बहुधा मागचे डावे चाक असते. चाकाच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतील स्वच्छ द्रवात बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबावे. दुसऱ्याने निपल सैल करून बुडबुडे निघू द्यावेत, आणि पेडल सोडण्यापूर्वी निपल पुन्हा आवळावा. हा क्रम चुकला तर जितकी हवा निघाली तितकीच परत आत जाते. टाकी मधूनमधून भरत राहावी आणि बाटलीत आलेला द्रव पुन्हा वापरू नये.

येथे आपल्या त्या अँबॅसडरकडे वळू. मिस्त्रीला मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गळताना सापडला. त्याने वाट्या बदलल्या, हवा काढली, पेडल वर आले. मालक निश्चिंत झाला. तिसऱ्या दिवशी चौकात उभे असताना पेडल पायाखाली हळूहळू खचू लागले. टाकी भरलेली, चाके कोरडी. मग हे कसे झाले?

रोजच्या वापरात मुख्य दट्ट्या सिलिंडराच्या थोड्याच भागात मागेपुढे होतो, आणि तेवढा भाग गुळगुळीत राहतो. पुढील भागात मात्र द्रवातील पाण्यामुळे वर्षानुवर्षे गंज चढतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले गेले, तेव्हा वाटी प्रथमच त्या गंजलेल्या भागावरून गेली आणि तिची कड कापली गेली. दुरुस्तीनेच दुसरा सुप्त दोष जागा केला. म्हणून जुन्या मोटारीची हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्याची धाव मर्यादित करावी. आणि मोटार फार दिवस उभी राहिली असेल तर मुख्य सिलिंडर खोलूनच पाहावा. एक दोष सापडला म्हणून शोध थांबवू नये.

‘ऑइल’ या नावाने होणारा घोटाळा

या द्रवाला बाजारात ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे. तो द्रव तेल नसून, प्रचलित प्रकारांत मुख्यतः ग्लायकॉल-ईथर वर्गातील रसायनांचे मिश्रण असते. नावावरून फसून कोणी त्यात यंत्राचे खनिज तेल ओतले, तर ब्रेकमधील रबरी वाट्या फुगतात, मऊ होतात आणि सारी रचना निकामी होते. शब्द चुकला की कधीकधी हात चुकतो, तो असा.

या द्रवाचा दुसरा गुण म्हणजे तो हवेतील ओलावा शोषतो. वाराणसीत वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. टाकीच्या झाकणातील छिद्रातून व रबरी नळ्यांमधून दमट हवेतील पाणी द्रवात मुरते. डॉट-३ या प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी मानकात बसतो. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. पाणी अशा रीतीने दोन अपाय करते : उभ्या मोटारीत गंज चढविते, आणि चालत्या मोटारीत वाफेला निमंत्रण देते.

वाराणसीचा परिसर सपाट असल्याने दुसरा अपाय नगरात सहसा दिसत नाही. परंतु हीच मोटार दक्षिणेस रॉबर्ट्‌सगंजच्या पुढे गेली की मारकुंडीचा घाट लागतो, आणि विंध्याच्या कड्यावरून रस्ता सोन नदीच्या खोऱ्यात उतरतो. तेथे सतत ब्रेक दाबल्याने ड्रम तापतात. एक ग्रॅम पाण्याची साध्या वातावरणीय दाबाखाली सुमारे १,७०० घन सेंटिमीटर वाफ होते. चाकाच्या सिलिंडरात थेंबभर पाण्याची वाफ झाली, तर पेडलने ढकललेले सहा घन सेंटिमीटर कोठे पुरणार? यास्तव साधारणपणे दर दोन वर्षांनी सर्व द्रव बदलावा, आणि निर्मात्याने सांगितलेली प्रतच, सीलबंद डब्यातील, वापरावी. हा द्रव विषारी असून मोटारीचा रंगही उतरवितो. मुलांच्या हाती तो लागू देऊ नये.

चालत्या मोटारीत दाब गेला तर

पेडल भराभर दाबत राहावे. थोडासा दाब मिळू शकतो. त्याच वेळी क्रमाने खालचे गिअर टाकावेत. गिअर काढून मोटार मोकळी सोडू नये, कारण मग यंत्राचा रोधही जातो. इंधन वाचविण्यासाठी उतारावर गिअर काढण्याची काहींची सवय असते, ती याच कारणास्तव घातक आहे. हातब्रेक द्रवावर अवलंबून नसतो. तो तारेने किंवा दांड्याने मागची चाके धरतो. तो हळूहळू ओढावा. एकदम खेचल्यास चाके घसरतात. भोंगा वाजवून इतरांना सावध करावे व मोटार कडेला घ्यावी. थांबल्यावर ती पुन्हा चालवू नये, ओढून न्यावी.

जुन्या मोटारींच्या बाबतीत ही सावधगिरी अधिक आवश्यक आहे. त्यांच्यातील बहुतेकींत चारही चाकांना मिळून द्रवाचा एकच मार्ग असतो, आणि एका ठिकाणच्या गळतीने चारही ब्रेक जातात. हा दोष ओळखून मार्ग दुहेरी करण्यात आला. अमेरिकेत १९६८ पासून नव्या प्रवासी मोटारींना तो बंधनकारक झाला. दुहेरी मार्गात एक बाजू गेली तरी दुसरी काही चाके धरते.

उपसंहार

आपण पाहिलेल्या सर्व दोषांचे मूळ एकाच गोष्टीत आहे. पायाचा जोर चाकापर्यंत नेणारा द्रव पुरेसा, शुद्ध आणि बंदिस्त असला पाहिजे. तो कमी झाला, त्यात वायू शिरला किंवा त्याला मागे येण्यास वाट मिळाली, की पास्कालचा नियम बदलत नाही, परंतु त्याचा उपयोग आपल्याला होत नाही. पेडल ही या साऱ्याची खबर देणारी एकमेव खूण आहे, आणि ती पहिल्याच दाबाला खबर देत असते. तिसऱ्या दाबाला ब्रेक लागला म्हणून पहिल्या दाबाची साक्ष खोटी ठरत नाही. पहिल्या दाबाला पेडल उंच व घट्ट लागेपर्यंत मोटार जागेवरच उभी ठेवावी. पाहुण्यांना त्या दिवशी रिक्षाने स्थानकावर पोहोचविता येते.